फळांच्या काळ्या डागातून सापडलेले जीवनसत्त्व

सफरचंद कापून ताटलीत ठेवले की थोड्याच वेळात ते तपकिरी दिसू लागते. केळे हातातून पडले, तर दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच जागी काळा डाग उठतो. सोललेला बटाटा पाण्यात टाकायला उशीर झाला की काळपट होतो. लिंबू आणि संत्रे मात्र चिरून ठेवले तर सुकतात, पण काळे पडत नाहीत. घरोघरी रोज दिसणारी ही गोष्ट. साधारण शंभर वर्षांपूर्वी एका हंगेरियन डॉक्टरने तिचे कारण शोधायला घेतले आणि त्यातून ‘क’ जीवनसत्त्व हाती लागले. त्यांचे नाव अल्बर्ट सेंट-जॉर्जी. आज ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द ज्यूसच्या बाटलीपासून चेहऱ्याच्या क्रीमपर्यंत सगळीकडे छापलेला असतो. त्यामागचे विज्ञान नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे या माणसाच्या आयुष्यातून चांगले समजते.

मंद समजला गेलेला मुलगा

सेंट-जॉर्जी यांचा जन्म 16 सप्टेंबर 1893 रोजी बुडापेस्टमध्ये झाला. आईच्या माहेरी विज्ञानाची परंपरा होती. मामा मिहाय लेनहोशेक हे शरीररचनाशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. भाचा अभ्यासात यथातथाच असल्यामुळे संशोधन हा त्याचा प्रांत नाही, असे मामांचे ठाम मत होते. शाळेच्या शेवटच्या वर्षांत मुलाने मान वर काढली आणि 1911 मध्ये वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेतला. मामांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यामुळे भाच्याने संशोधन करायचेच असेल तर गुदद्वाराच्या रचनेवर करावे, असे ठरले आणि त्यांचा पहिला शोधनिबंध त्याच विषयावर निघाला.

पुढे पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ते सैन्यात वैद्यकीय सेवेत दाखल झाले. शौर्यपदकही मिळाले. पण आघाडीवरचा नरसंहार पाहून त्यांचे मन विटले. 1916 मध्ये त्यांनी स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली, शत्रूची गोळी लागल्याचे सांगितले आणि ते घरी परतले. 1917 मध्ये वैद्यकीय पदवी पूर्ण झाली, त्याच वर्षी लग्नही झाले. युद्धानंतर देशाचे तुकडे झाले होते. पत्नी आणि लहान मुलीसह प्राग, बर्लिन, हॅम्बुर्ग, लायडेन अशी भटकंती करत हे कुटुंब नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात पोहोचले. फळांच्या काळ्या डागांचे काम तिथे सुरू झाले.

एका क्षणाचा उशीर

फळ कापले किंवा आपटले की त्याच्या पेशी फुटतात. एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारी द्रव्ये एकत्र येतात. फिनॉल जातीच्या द्रव्यांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, एंझाइम ही क्रिया वेगाने घडवून आणते आणि शेवटी तपकिरी रंग तयार होतो. सेंट-जॉर्जी यांनी वनस्पतींचे दोन गट पाहिले: जखम झाल्यावर काळ्या पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या. सफरचंद, केळे, बटाटा पहिल्या गटात. लिंबू, संत्रे, कोबी दुसऱ्या गटात.

दुसऱ्या गटातल्या वनस्पतींच्या रसावर त्यांनी एक सोपा प्रयोग केला. रसात पेरॉक्साइड आणि बेंझिडिन मिसळले की निळा रंग यायला हवा. रंग आला, पण क्षणभर उशिरा. हा जेमतेम सेकंदाचा उशीर त्यांना महत्त्वाचा वाटला. रसात असे काहीतरी होते, जे ऑक्सिडीकरणाचा मारा आधी स्वतःवर घेत होते. ते संपल्यावरच रंग उमटत होता. अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, याचे याहून सोपे प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल: दुसऱ्याऐवजी आपण आधी खर्च होणारे द्रव्य.

डॉक्टर असल्यामुळे त्यांना आणखी एक साम्य दिसले. अॅडिसन नावाच्या आजारात मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी होतात आणि रुग्णाची कातडी तांबूस-काळी पडते. मग फळाला काळे पडण्यापासून वाचवणारे द्रव्य या ग्रंथीतही असेल का? पुढे ही तुलना चुकीची ठरली, कारण अॅडिसनमधला रंग वेगळ्या कारणाने येतो. पण त्या तर्कावर त्यांनी ग्रंथी तपासल्या आणि त्यात ते द्रव्य खरोखर भरपूर निघाले.

नाव ‘देव जाणे’

दरम्यान ग्रोनिंगेनमधले त्यांचे वरिष्ठ वारले आणि नव्या प्रमुखांना या कामात रस नव्हता. नोकरी जाण्याची वेळ आली. त्यांनी पत्नी-मुलीला माहेरी पाठवले. ते स्वतः पुरते निराश होते. अशा अवस्थेत 1926 मध्ये स्टॉकहोमच्या शरीरक्रियाशास्त्र परिषदेला ते गेले. तिथे जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या केंब्रिजच्या सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी आपल्या भाषणात या अनोळखी संशोधकाच्या कामाचा उल्लेख केला. भाषणानंतर सेंट-जॉर्जी त्यांना जाऊन भेटले आणि हॉपकिन्स यांनी त्यांना केंब्रिजला बोलावले.

केंब्रिजमध्ये त्यांनी ग्रंथींमधून, तसेच संत्री आणि कोबी यांमधून ते द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. त्यात सहा कार्बन अणू होते आणि ते साखरेच्या कुळातले दिसत होते. नेमके काय, ते कळत नव्हते. म्हणून त्यांनी अज्ञानावर बेतलेले ‘इग्नोज’ हे नाव सुचवले. संपादकांना ही थट्टा रुचली नाही. तेव्हा त्यांनी ‘गॉडनोज’, म्हणजे ‘देव जाणे’ असे नाव पाठवले. तेही नाकारले गेले आणि 1928 मध्ये शोधनिबंध ‘हेक्झुरॉनिक आम्ल’ या नावाने छापून आला.

नावापेक्षा मोठी अडचण प्रमाणाची होती. रसायनतज्ज्ञांना रचना शोधायची तर हातात पुरेसे द्रव्य हवे. संत्र्याच्या रसातल्या साखरेतून ते वेगळे काढणे अतिशय जिकिरीचे होते. ग्रंथीतून काढणे त्यामानाने सोपे, पण ग्रंथी इवल्याशा. त्यासाठी ते अमेरिकेत मेयो क्लिनिकला गेले. जवळच्या कत्तलखान्यांतून जनावरांच्या ग्रंथी आणून सुमारे वर्षभर खपले, तेव्हा हाती आले जेमतेम 25 ग्रॅम. त्यातला काही भाग त्यांनी इंग्लंडमधील रसायनतज्ज्ञ वॉल्टर हॅवर्थ यांना दिला. तो पुरला नाही.

रात्रीच्या जेवणातली मिरची

हंगेरीच्या शिक्षणमंत्र्यांच्या आग्रहावरून ते मायदेशी परतले आणि दक्षिणेकडच्या सेगेड शहरात प्राध्यापक झाले. 1931 मध्ये तिथे हंगेरियन वंशाचे तरुण अमेरिकी संशोधक जोसेफ स्वीरबेली आले. एखाद्या पदार्थात स्कर्व्ही रोखणारे ‘क’ जीवनसत्त्व आहे की नाही, हे तपासण्याचे तंत्र त्यांना येत होते. सेंट-जॉर्जी यांनी उरलेले हेक्झुरॉनिक आम्ल त्यांच्या हवाली केले.

प्रयोग गिनीपिगांवर झाला, कारण माणसाप्रमाणेच गिनीपिगालाही हे जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. उंदीर, कुत्री, गाई-म्हशी यांना ते जमते. नुसते उकडलेले अन्न दिलेले गिनीपिग स्कर्व्हीने मेले. त्याच अन्नाबरोबर अगदी थोडे हेक्झुरॉनिक आम्ल दिलेले गिनीपिग ठणठणीत राहिले. फळाला काळे पडू न देणारे द्रव्य आणि शतकानुशतके खलाशांचे बळी घेणारी स्कर्व्ही रोखणारे जीवनसत्त्व एकच आहे, हे सिद्ध झाले. 1932 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स किंग यांचा याच आशयाचा लेख आधी प्रसिद्ध झाला आणि सेगेडचा त्यानंतर दोन आठवड्यांनी. शोधाचा मान कोणाचा, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला.

द्रव्याचा तुटवडा मात्र कायम होता. तो सुटला तो स्वयंपाकघरामुळे. सेगेड हे मिरचीचे, म्हणजे पाप्रिकाचे गाव. एका रात्री जेवणात पत्नीने ताजी लाल मिरची वाढली. ती खाण्याची त्यांची इच्छा नव्हती आणि तसे सांगायचीही नव्हती. ही एक वनस्पती आपण अजून तपासलेली नाही, हे तेवढ्यात आठवले आणि मिरची घेऊन ते प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीपर्यंत उत्तर मिळाले होते. मिरचीत ‘क’ जीवनसत्त्व भरपूर, आणि काम अडवणारी साखर कमी. काही आठवड्यांतच एक किलोहून अधिक शुद्ध जीवनसत्त्व तयार झाले. ते त्यांनी जगभरच्या संशोधकांना वाटले. हॅवर्थ यांनी त्यावरून रचना निश्चित केली आणि दोघांनी मिळून नवे नाव दिले: अॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे स्कर्व्ही होऊ न देणारे आम्ल. 1937 मध्ये सेंट-जॉर्जी यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हॅवर्थ यांना त्याच वर्षी रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

पिकताना काय बदलते?

त्या ताटातली मिरची पिकून लाल झालेली होती, याला महत्त्व आहे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मिरची हे फळच. मूळची उष्ण अमेरिकेतली. हंगेरीप्रमाणेच आपल्याकडेही ती बाहेरून, पोर्तुगीजांबरोबर आली. हिरवी मिरची पिकून लाल होते तेव्हा तिच्यातले ‘क’ जीवनसत्त्व सहसा वाढते. हिरवे हरितद्रव्य मोडते आणि लाल-केशरी कॅरोटिनॉइड द्रव्ये अनेक पटींनी वाढतात. मात्र तीच मिरची वाळवली की ‘क’ जीवनसत्त्वाचा मोठा भाग नष्ट होतो. तिखटाच्या डब्याकडून त्याची अपेक्षा ठेवू नये.

यावरून कुठलेही फळ जितके पिकेल तितके चांगले, असा नियम काढता येत नाही. पपई पिकते तसे तिच्यातले ‘क’ जीवनसत्त्व वाढते आणि कॅरोटिनॉइडही वाढतात. पेरूत ते साधारणपणे फळ पिकेपर्यंत वाढते आणि फळ पार मऊ पडले की घटू लागते. सालीजवळ ते जास्त असते, म्हणून पेरू सोलून खाणे म्हणजे चांगला भाग टाकून देणे. आंब्याची चाल उलटी. कैरीत ‘क’ जीवनसत्त्व जास्त. आंबा पिकत जातो तसे ते कमी होत जाते. त्याच वेळी गर पिवळा-केशरी होतो, तो बीटा-कॅरोटिनमुळे. त्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. कैरी आणि आंबा हे एकाच झाडाचे असले, तरी आहाराच्या दृष्टीने दोन वेगळी फळे आहेत.

चिकू आणि केळे यांत आणखी तिसराच बदल होतो. कच्च्या चिकूने तोंड आखडते ते टॅनिन या फिनॉल जातीच्या द्रव्यांमुळे. तीही अँटिऑक्सिडंटच. फळ पिकताना त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात, तुरटपणा जातो आणि फळ खाण्याजोगे होते. म्हणजे अँटिऑक्सिडंटची मोजदाद कच्च्या चिकूत जास्त भरेल, पण तो कोणी खाणार नाही. प्रयोगशाळेतला आकडा आणि पोटात जाणारे अन्न यांत हा फरक असतो.

या बदलांमागचे कारण असे, की पिकणे ही फळाच्या दृष्टीने धावपळीची वेळ असते. श्वसन वाढते, पेशीभित्तिका सैल होतात, ऑक्सिडीकरण वाढते. एकीकडे ‘क’ जीवनसत्त्व तयार होत असते, तर दुसरीकडे खर्च होत असते. पपईत तयार होणे वरचढ ठरते, आंब्यात खर्च. फळ अतिपक्व झाले की बहुतेक ठिकाणी खर्चच उरतो.

‘पी’ नावाचे न टिकलेले जीवनसत्त्व

नोबेल मिळण्याच्या सुमारास सेंट-जॉर्जी एका नव्या शोधाच्या मागे होते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तस्राव होणाऱ्या एका रुग्णाला ‘क’ जीवनसत्त्वाच्या अशुद्ध अर्काने बरे वाटले होते. पुढे शुद्ध जीवनसत्त्वाचा तसा उपयोग झाला नाही. मग अर्कात आणखी एखादे जीवनसत्त्व असले पाहिजे, असे मानून 1936 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी लिंबू आणि मिरचीतल्या फ्लेव्होनॉइड द्रव्यांना ‘पी’ जीवनसत्त्व असे नाव दिले. कल्पना आकर्षक होती. पण प्रयोग पुन्हा केले तेव्हा तेच निष्कर्ष खात्रीने मिळेनात. या द्रव्यांच्या अभावाने कुठला ठरावीक आजार होतो, हे दाखवता आले नाही. 1950 च्या सुमारास ‘पी’ जीवनसत्त्व हे नाव वापरातून काढून टाकण्यात आले.

फ्लेव्होनॉइड फळांत आहेत, परीक्षानळीत ती ऑक्सिडीकरण रोखतात, हे खरेच आहे. पण परीक्षानळीत रोखणे आणि माणसाचा आजार रोखणे यांत मोठे अंतर असते. ‘क’ जीवनसत्त्वाने ते अंतर गिनीपिगांच्या आणि माणसांच्या कसोटीवर पार केले. ‘पी’ला ते जमले नाही.

युद्ध, पळापळ आणि नवा देश

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा सोव्हिएत हल्ल्याला तोंड देणाऱ्या फिनलंडला त्यांनी आपले नोबेल पदक देऊन टाकले. 1943 मध्ये शास्त्रीय व्याख्यानाच्या निमित्ताने ते इस्तंबूलला गेले. खरा हेतू हंगेरीच्या पंतप्रधानांच्या वतीने ब्रिटिशांशी गुप्त बोलणी करण्याचा होता. जर्मनांना ते कळले. 1944 मध्ये जर्मन सैन्याने हंगेरी ताब्यात घेतल्यावर गेस्टापो त्यांच्या मागावर होती. स्वीडनने त्यांना नागरिकत्व दिले, दूतावासात आश्रय दिला. तिथेही धोका वाढला तेव्हा युद्ध संपेपर्यंत ते लपून राहिले.

त्याच वर्षांत सेगेडच्या प्रयोगशाळेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्नायूंच्या आकुंचनावर मूलभूत काम केले. स्नायूतली अॅक्टिन आणि मायोसिन ही प्रथिने एकत्र येतात आणि एटीपी मिळाल्यावर आकसतात, हे त्यांनी दाखवले. शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ते आजही शिकवले जाते. युद्धानंतरच्या हंगेरीत सोव्हिएत पकड घट्ट होऊ लागली आणि 1947 मध्ये ते अमेरिकेत गेले. मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल या समुद्रकाठच्या गावी सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी उरलेले आयुष्य काढले. अण्वस्त्रांविरुद्ध आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्ध ते उघडपणे बोलत राहिले.

म्हातारपणी त्यांनी कर्करोगाचे कोडे हाती घेतले. पेशीतल्या इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीत त्याचे मूळ आहे, असे त्यांना वाटत होते. त्यातून उपचार हाती लागला नाही. 22 ऑक्टोबर 1986 रोजी वयाच्या 93 व्या वर्षी वुड्स होल इथे त्यांचे निधन झाले. सेगेडच्या वैद्यकीय विद्याशाखेला आज त्यांचे नाव आहे.

गोळी की फळ?

त्यांच्या अखेरच्या काळातच अँटिऑक्सिडंट गोळ्यांची लाट आली. फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्यांना काही आजार कमी होतात, फळांत अँटिऑक्सिडंट असतात, मग तेच गोळीतून दिले तर? तर्क सरळ वाटतो. पण फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या हजारो पुरुषांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि 1994 मध्ये निष्कर्ष आला, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या अशाच एका चाचणीतही तेच दिसले. ‘क’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस काहींना मूतखड्याच्या वाटेवर नेऊ शकतात. धूम्रपान करणाऱ्यांनी आणि मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी अशा गोळ्या मनाने घेऊ नयेत.

गरज मुळात थोडी असते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज 80 मिलिग्रॅम आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व पुरते. 100 ग्रॅम पेरूत ते 200 मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे मध्यम आकाराच्या एका पेरूत दिवसाची सोय होते. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतले लोह शरीरात नीट शोषले जायलाही हे जीवनसत्त्व मदत करते. रक्तक्षय आपल्याकडच्या बायका-मुलींत किती आढळतो, हे पाहता जेवणाबरोबर लिंबाची फोड किंवा जेवणानंतर पेरूच्या दोन फोडी, ही स्वस्तातली चांगली सवय आहे. मधुमेह असणाऱ्यांनीही फळे टाळायची नाहीत, मापात खायची.

फळ आयत्या वेळी चिरावे. चिरून तासन्‌तास ठेवले तर सेंट-जॉर्जी यांनी पाहिलेली क्रिया ताटलीत सुरूच राहते. चिरल्यानंतर पाण्यात भिजत घालू नये, कारण ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात उतरते. कैरी उकडून पन्हे केले तर त्यातले काही नष्ट होते, कच्ची किसून कोशिंबिरीत घातली तर जास्त टिकते. पिकलेला आंबा ‘अ’साठी, कैरी, पेरू, पपई आणि लिंबू ‘क’साठी. हंगामात मिळेल ते आणि बदलून बदलून खाल्ले, की पिकण्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागत नाही.